पेटीचं कलम शेवटी घ्यावं

मी, खाली सही करणारी, श्रीमती विद्युल्लता दत्तोपंत चौबळ, वय वर्षे पंचाहत्तर, धंदा घरकाम व गाणे, राहणार कासार आळी, भिवंडी, जिल्हा ठाणे, आज गुरुवार दिनांक २० नोव्हेंबर १९९७ रोजी, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाखाली नसताना, माझ्यामागे माझ्या चीजवस्तूंची व्यवस्था कशी लागावी ते या कागदावर सांगून ठेवीत आहे. दडपणाबद्दल खुलासा असा की, माझ्यावर दडपण आणील असा माणूस या घरात १९७९ नंतर उरलेला नाही, आणि त्याआधी होता तोही फार जोर करीत नसे.

माझे मन ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. डॉक्टर वयाने लहान आहेत. त्यांनी मला शंभरापासून सात-सात वजा करीत उलटं मोजायला सांगितलं. मी म्हटलं, मी तालाच्या मात्रा मोजते त्या सोळापर्यंतच, पुढे पुन्हा एक येतो. त्यांनी थोडा वेळ विचार केला आणि दाखला लिहून दिला.

माझ्या डाव्या डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले असून उजव्याचे संक्रांतीनंतर आहे. सबब हा मजकूर मी तोंडी सांगत असून माझी थोरली सून सौ. सुमती बाळाराम चौबळ तो लिहून घेत आहे. वकिलांनी बजावलंय की मी बोलेन ते शब्दशः उतरलं पाहिजे, म्हणजे उद्या कोणी म्हणायला नको की सुनेने पदरचं घातलं. सुमतीने त्यावर "बरं" म्हटलं. गेली अकरा वर्षं ती मला एवढंच म्हणते.

(लेखनिकेची नोंद: मी "जेवायला चला" असेही म्हणते. वरील मजकूर शब्दशः उतरवला आहे.)

कलम १. पेटी. माझी बाजाची पेटी, काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची, उजवीकडून तिसरी पट्टी पावसाळ्यात अडकणारी. ही कोणाला जावी हाच या कागदाचा खरा विषय आहे. जिच्या हाती पेटी तिच्या हाती आमचं भजनी मंडळ, आणि मंडळ मोडलं तर माझ्या बाहेरच्या खोलीत लूम, म्हणजे कापडाचे यंत्रमाग, लागणार हे आळीतलं शेंबडं पोरही सांगेल. पेटी मला सुमतीलाच द्यायची आहे. अडचण अशी की सुमती गात नाही. अकरा वर्षांपूर्वी गात होती, आणि असं गात होती की पाणी भरायला आलेल्या बायका हंडा नळाखाली ठेवून विसरत. ती का थांबली हे मला ठाऊक आहे आणि तिलाही ठाऊक आहे. ते इथे सांगितल्याशिवाय हे कलम पुरं होणार नाही. सुमती, हे कलम आपण शेवटी घेऊ. आधी घराचं लिही.

(नोंद: कलम १ अपुरे सोडले.)

कलम २. घर. कासार आळीतील दुमजली घर माझ्या नावावर आहे. दत्तोपंत मामलेदार कचेरीत हेडक्लार्क होते. सगळ्या तालुक्यातल्या भावाभावांची भांडणं त्यांच्या टेबलावरून गेली, म्हणून स्वतः घर घेतलं ते सरळ बायकोच्या नावावर घेतलं. वरचा मजला थोरला मुलगा बाळाराम याला. तो बँकेत आहे आणि सज्जन आहे. आई आणि बायको यांच्यामध्ये तो अकरा वर्षं पेपर उघडून बसला आहे. पेपरात एवढं काय असतं हे मी त्याला विचारलेलं नाही. खालच्या मागच्या दोन खोल्या धाकटा चांगदेव याला.

बाहेरची खोली कोणा एकाची नाही. तिथे दर गुरुवारी चार ते सहा कासार आळी महिला भजनी मंडळ बसतं. सव्वीस वर्षं बसतं आहे. चांगदेवला त्या खोलीत चार लूम लावायचे आहेत. मध्यंतरी मी डोळे मिटून पडले होते तर त्याने मला झोप लागली असं समजून मापं घेतली, माझ्या अंगावरून टेप ओढून. मी विचारलं तेव्हा म्हणाला, "आई, अख्ख्या भिवंडीत खाली लूम आणि वर बिऱ्हाड. आपणच तेवढे खालच्या खोलीत टाळ कुटतोय." मुलाचं म्हणणं अगदीच खोटं नाही, त्यालाही दोन पोरं आहेत. तेव्हा न्यायाने लिहिते: ज्या गुरुवारी तीनपेक्षा कमी बायका येतील, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून चांगदेवने खुशाल लूम लावावेत. आज मंडळात माझ्यासकट सात आहेत. त्यातल्या चार चहाला येतात. दोघींना मी नुसते ओठ हलवायला सांगितलेलं आहे. उरले मी, आणि माझा आवाज आता वरच्या सा पर्यंत चढता चढता मधल्या पायरीवर बसतो. मी गेले की या सहाजणी चहा कुठे बरा मिळतो ते बघतील. म्हणून पेटीचं कलम महत्त्वाचं आहे, आणि ते मी टाळत नाही, फक्त क्रमाने घेते आहे.

कलम ३. पोस्टातील बचतीचे पुस्तक बाळारामच्या मुलीला, म्हणजे माझ्या नातीला. तिने त्यातून काय घ्यावं ते बापाला विचारू नये, आईला विचारावं.

कलम ४. हाशिम. माझ्या पूर्वेकडच्या भिंतीला लागून हाशिम यूनुस मुल्ला याचा कारखाना आहे. आठ लूम. हे लूम १९७४ साली लागले तेव्हा पहिल्याच गुरुवारी मी पदर खोचून भांडायला गेले. हाशिम तेव्हा पंचविशीतला पोरगा. म्हणाला, "काकी, मशीन हाय ती. तिला समजावून सांगता येत नाय." सहा महिने मी दर गुरुवारी जाऊन भांडत होते आणि तो दर गुरुवारी मला सरबत पाजत होता. शेवटी कंटाळून त्याने एका गुरुवारी चारच्या ठोक्याला भिंतीकडचे लूम बंद केले. मी मनात म्हटलं, जिंकले. अभंगाचं पहिलं कडवं संपायच्या आत मंडळाची दाणादाण उडाली. सम कुठे आहे ते कोणालाच सापडेना. सहा महिन्यांत बायकांनी तबला ऐकणंच सोडून दिलं होतं, त्या लूमच्या ठोक्यावर गात होत्या. मी तशीच अनवाणी पलीकडे गेले. "हाशिम, चालू कर बाबा." तो कपाळावर हात मारून म्हणाला, "काकी, पहिले बंद कर बोलता, मग चालू कर बोलता. एक काय ते फिक्स करा ना!" तेव्हापासून लूम चालूच आहेत, आणि शुक्रवारी त्यांची सुट्टी असते म्हणून शुक्रवारी आम्ही साधी आरतीसुद्धा म्हणत नाही.

हाशिम या कागदाचा साक्षीदार आहे. वकील म्हणाले, साक्षीदाराला काही ठेवायचं नसतं. म्हणून त्याला नुसती विनंती: मी गेले की दुखवटा म्हणून लूम बंद करू नकोस. मला नेताना मंडळ म्हणणार आहे. ताल सुटला तर मला उठून दुरुस्त करता येणार नाही.

कलम ५. दुसरे साक्षीदार श्री. चिंतामणी रामचंद्र ओक, निवृत्त शिक्षक आणि मंडळाचे तबलजी. साक्षीदाराला काही ठेवायचं नसतं, ही मास्तरांच्या बाबतीत अडचण नसून सोय आहे. शोकसभेत त्यांनी पाच मिनिटांहून जास्त बोलू नये. घड्याळ बाळारामने धरावे.

(नोंद: दुपारचे साडेतीन. श्री. ओक मास्तर व श्री. हाशिमभाई साक्षीसाठी येऊन बसले. कलम ४ व ५ त्यांना वाचून दाखवली. हाशिमभाईंनी डोळे पुसले. मास्तर म्हणाले, "दहा मिनिटे." सासूबाई म्हणाल्या, "पाच.")

कलम ६. पुरणयंत्र. माझे पितळेचे पुरणयंत्र नणंद तुळजाबाई हिने १९६८ साली होळीच्या आदल्या दिवशी "आत्ता देते" म्हणून नेले. एकोणतीस होळ्या झाल्या. विचारलं की म्हणते, ते मुळात तिच्या आईचं. तिची आई म्हणजे माझी सासू, आणि सासूबाई पुरण पाट्यावर वाटत, हे सगळ्या आळीने पाहिलेलं आहे. बुडाशी माझं नाव कोरलंय, तर म्हणते, झिजलं. सदर यंत्र सुमतीच्या मालकीचे समजावे आणि वारसांनी ते परत मिळवावे. त्यासाठी कोर्टात जाऊ नये. होळीला तिच्याकडे जेवायला जावं, पोटभर जेवावं, तिच्या पुरणपोळीची तारीफ करावी, आणि पिशवी मोठी न्यावी. घेतलेली वस्तू परत न देणं हे माझ्या मते माणसाचं सगळ्यात हलकं लक्षण आहे.

कलम ७. ट्रान्झिस्टर. उशाशी असतो तो ट्रान्झिस्टर हाशिमची आई हमिदाबी हिला द्यावा. तो तिचाच आहे. चौऱ्याऐंशीच्या मे महिन्यात दंगल होऊन संचारबंदी लागली तेव्हा आमच्याकडचा रेडिओ बिघडलेला होता, आणि बाहेर काय चाललंय ते कळायला मार्ग नव्हता. हमिदाबीने मागच्या खिडकीतून हात लांब करून ट्रान्झिस्टर दिला. "आधी तुम्ही बातम्या ऐका, मग खिडकीतून आम्हाला सांगा. आमच्याकडे ऐकायचा धीर नाय कोणाला." मी ऐकत होते आणि सांगत होते. त्यातल्या सगळ्याच बातम्या मी तिला सांगितल्या नाहीत. त्या दिवसांत लूम बंद होते, दिवसचे दिवस बंद होते. लोक शांततेची एवढी तारीफ करतात. मला त्या शांततेची आठवण आजही सोसत नाही. पुढे लूम सुरू झाले त्या दिवशी हमिदाबी तिच्या खिडकीत रडली आणि मी माझ्या. त्या भरात ट्रान्झिस्टर परत द्यायचा राहिला, मग त्यावर सकाळची गाणी चांगली लागायला लागली, मग तेरा वर्षं झाली. कलम ६ मधले शेवटचे वाक्य तुळजाबाईंपुरतेच समजावे.

कलम ८. पाटल्या. माझ्या स्त्रीधनातील सोन्याच्या दोन पाटल्या वारसांनी शोधू नयेत. त्या १९५२ साली वज्रेश्वरीच्या गरम पाण्याच्या कुंडात पडल्या असं मी घरी सांगितलं होतं. त्या पडल्या नव्हत्या. त्या मी ठाण्याच्या सराफाला विकल्या आणि ही पेटी घेतली. पेटी कुठून आली म्हणून विचारणा होणारच, तेव्हा अंबाडीच्या माझ्या भावाने दिली असं सांगितलं. एक खोटं बोललं की त्याला सोबत लागते. सासूबाई तीन महिने दर रविवारी एसटीने वज्रेश्वरीला माणूस पाठवीत होत्या. तो बिचारा कढत पाण्यात पाय घालून पाटल्या चाचपायचा आणि भाजलेले पाय घेऊन परत यायचा. त्याची मी इथे क्षमा मागते. एका जागी क्षमा मागून झाली, आता सवय होईल.

दत्तोपंतांना सुराचं काही कळत नसे. मी पेटी घेऊन बसले की ते फाइल घेऊन समोर बसत. एकोणऐंशी साली ते गेले. त्यांचा हिवाळी कोट उन्हात टाकताना आतल्या खिशात माझ्या भावाचं पत्र सापडलं. बावन्न सालचं. यांनी पेटीबद्दल आभाराचं पत्र धाडलं होतं, त्याला भावाचं उत्तर: "आपले पत्र पावले. पण कसली पेटी?" सत्तावीस वर्षं ते पत्र त्यांनी खिशात ठेवलं आणि आईला, मला, कोणालाही एक शब्द बोलले नाहीत. दर चैत्रात वज्रेश्वरीला गेलो की कुंडाशी उभे राहून एवढंच म्हणत, "पाणी फार खोल आहे हो इथलं." मी मान डोलवायची. माझं त्यांच्यावर फार प्रेम होतं, आणि ते मी त्यांना सांगितलं नाही. मला वाटायचं, माणूस समोर बसलेला आहे, सांगायचं काय त्यात.

(नोंद: येथे सासूबाई थांबल्या. मग म्हणाल्या, "कलम नऊ." मग म्हणाल्या, "पाणी दे." मग म्हणाल्या, "बायका यायला किती वेळ आहे?" मी सांगितले, वीस मिनिटे.)

कलम ९. कॅसेट. १९८६ सालच्या चैत्रात वज्रेश्वरीच्या जत्रेत महिला भजनी मंडळांची स्पर्धा होती. तोवर आमचं मंडळ बाहेरच्या खोलीबाहेर गायलेलं नव्हतं. आम्ही अकराजणी, मास्तर तबल्यावर, मी पेटीवर, आणि मुख्य गाणारी सुमती. स्टेजवर चढलो, समोर तीनशे माणूस, आणि एकदम माझ्या ध्यानात आलं की इथे काहीच वाजत नाही. बारा वर्षं लूमच्या खडखडाटावर आवाज काढायची सवय, ती तशीच बाहेर पडली. माईकवाला चिंधू धावत स्टेजपाशी आला. "मावशे, माईक लावलाय ना! एवढी वरडू नको, आम्ही भयरं न्हाय!" लोक हसले. मी बावरले, आणि मी बावरले की माझी बोटं पळतात.

दुसऱ्या कडव्याला सुमती आणि पेटी यांच्यात फट पडली. मला वाटलं, ती मागे पडते आहे. मी वाजवता वाजवता, माईक तोंडापुढे असताना, म्हणाले, "सूनबाई, ताल सोडू नका." वज्रेश्वरीच्या सगळ्या जत्रेने ते ऐकलं, जिलेबीच्या दुकानापर्यंत. आमचा नंबर आला नाही. परतीच्या एसटीत सगळ्या गप्प होत्या. मी गप्प राहिले नाही. म्हणाले, "भाकऱ्या बडवणं वेगळं आणि ताल धरणं वेगळं." सुमती खिडकीशी बसली होती. तिने वळूनही पाहिलं नाही. त्यानंतर ती गायली नाही. पुढच्या वर्षी नात झाली, तिचा पाळणासुद्धा इतर बायकांनी म्हटला.

मास्तरांनी तो कार्यक्रम आपल्या टेपरेकॉर्डरवर घेतला होता. कॅसेट त्यांनी लगेच मला आणून दिली. मी तीन वर्षं ती लावली नाही. आपली फजिती पुन्हा कशाला ऐकायची. एकोणनव्वद साली दिवाळीची साफसफाई करताना हाताशी आली. दुपार होती, सुमती बाहेर गेली होती, पलीकडे लूम चालू होते. मी टेप लावला. आणि मला ऐकू आलं ते असं की, टेपमधला सुमतीचा आवाज भिंतीपलीकडच्या लूमच्या ठोक्यावर नेमका बसत होता. सुरुवातीपासून अखेरपर्यंत, एक मात्रा इकडची तिकडे नाही. पुढे पळत होती ती पेटी. पेटीमागून मास्तर, मास्तरांमागून टाळ, आणि त्या सगळ्या पळापळीत ही एकटी, वीस किलोमीटरवरच्या लूमचा ठोका मनात धरून, जागच्या जागी उभी. ताल माझा सुटला होता. तिला मी तीनशे माणसांत ताल सोडू नको म्हणाले. मी कॅसेट बंद केली आणि डाळीच्या डब्यात दडवली. आठ वर्षं ती तिथेच आहे आणि मी कोणाला सांगितलेलं नाही.

(नोंद: उडदाच्या डब्यात. ती मला नव्वद साली सापडली. मीही लूम चालू असताना ऐकली, आणि पुन्हा डब्यात ठेवली. दर उन्हाळ्यात डबा उन्हात टाकताना कॅसेट काढते, पुसते आणि परत ठेवते. सासूबाई आपण होऊन कधी बोलतात याची वाट पाहत होते.)

सुमती, एवढं काय लिहितेस? मी तर काही बोलले नाही. वाच बघू.

(नोंद: वरील नोंद वाचून दाखवली. हाशिमभाई छताकडे पाहत होते. मास्तर चष्मा पुसत होते.)

कलम १, पुढे चालू. सदर पेटी माझ्या पश्चात सौ. सुमती हिला द्यावी, कारण मंडळात ताल एकट्या तिलाच आहे, आणि वज्रेश्वरीला चूक माझी होती. लिही. चूक माझी होती. मी तुझा गळा बंद केला. आठ वर्षं मला कळलेलं होतं आणि मी तुझ्या हातचं जेवत होते आणि बोलत नव्हते. झालं? लिहिलंस? आता सह्यांना घे.

येथून पुढे अक्षर माझे, चिंतामणी रामचंद्र ओक. लेखनिका सौ. सुमती यांनी पेन खाली ठेवले असल्यामुळे मी ते उचलले आहे. वकिलांच्या सूचनेनुसार घडले ते शब्दशः लिहितो.

सौ. सुमती म्हणाल्या, "आई, तेव्हा माईकवर बोललात. आज कागदावर सांगताय. हा कागद कपाटात जाणार, आणि उघडतील तेव्हा तुम्ही नसणार. मग पेटी घेऊन मी गाऊ कोणापुढे? तुमच्या फोटोपुढे?"

वहिनी, म्हणजे मृत्युपत्र करणाऱ्या विद्युल्लताबाई, म्हणाल्या, "मग मी काय करू?" हे वाक्य मी वहिनींच्या तोंडून सव्वीस वर्षांत प्रथमच ऐकले, म्हणून खाली रेघ मारली आहे.

सौ. सुमती म्हणाल्या, "बायका येतायत. त्यातल्या पाच त्या एसटीत होत्या. त्यांच्यासमोर सांगा."

वहिनी म्हणाल्या, "सगळ्यांसमोर?" सौ. सुमती म्हणाल्या, "तेव्हा सगळ्यांसमोरच होतं." वहिनींनी माझ्याकडे पाहिले. मी कागदाकडे पाहिले. त्यांनी हाशिमभाईंकडे पाहिले. हाशिमभाई म्हणाले, "काकी, ती बरोबर बोलतेय. मला विचाराल तर फिक्स करून टाका."

चार वाजता मंडळाच्या सहा भगिनी आल्या व सतरंजीवर बसल्या. चहा कधी असे एकीने विचारले. वहिनी उठून उभ्या राहिल्या. त्यांनी एक हात पेटीवर टेकला. त्या म्हणाल्या, "ऐका गं. वज्रेश्वरीला ताल माझा सुटला होता. सुमतीचा नाही."

मागे बसलेल्या कमळताई म्हणाल्या, "काकी, जरा मोठ्यानं बोला. लूममुळे काही ऐकू येत नाही."

वहिनींनी डोळे मिटले. मग पुन्हा, सर्व जोर लावून म्हणाल्या, "वज्रेश्वरीला ताल माझा सुटला होता! सुमतीचा नाही! एसटीत मी बोलले ते खोटं होतं! खोटं आहे हे मला आठ वर्षं ठाऊक आहे! सुमती, मला क्षमा कर!" रस्त्यावरून जाणारे दोघे इसम थांबले. वरच्या मजल्यावरून बाळाराम पेपर हातात घेऊन धावत खाली आला. त्याने विचारले, काय झाले. तो जिन्यात उभा राहिला आणि पाहता पाहता त्याच्या हातून पेपर गळला.

हाशिमभाई उठून म्हणाले, "दोन मिनिट. मी लूम बंद करून येतो."

सौ. सुमती म्हणाल्या, "नको, हाशिमभाई. मला लागणार आहेत."

त्या पेटीपुढे जाऊन बसल्या. वहिनी बाजूला सरकल्या. अकरा वर्षांत न लागलेला पहिला सा किंचित घोगरा लागला. त्यांनी थांबून पदराने तोंड पुसले आणि पुन्हा लावला. दुसरा सा कसा लागला हे लिहिण्याची माझी योग्यता नाही. मी लेखनात गुंतलो असल्याने तबला बंद आहे; ठेका पूर्वेकडच्या भिंतीतून येत आहे. वहिनी टाळ घेऊन मागच्या रांगेत बसल्या आहेत. नुसते ओठ हलवायला सांगितलेल्या दोन्ही भगिनी मोठ्याने गात आहेत आणि वहिनी त्यांना अडवीत नाहीत.

अभंगाच्या मध्ये वहिनींनी खुणेने मला जवळ बोलावून पुढील मजकूर सांगितला, तो त्यांच्याच शब्दांत: "मास्तर, कलम एक खोडा. मेल्यावर द्यायची तर वस्तू आधी आपली असावी लागते. पेटी माझी होती ती चार वाजून दहा मिनिटांपर्यंत. आता तिची आहे. बाकीची कलमं कायम ठेवा, पुरणयंत्राचं सोडून देऊ नका. आणि हळू बोला, ती गातेय."

सबब कलम १ व त्याचा पुढे चालू भाग खोडला आहे. सदर खाडाखोड मृत्युपत्र करणारीच्या सांगण्यावरून व आम्हां साक्षीदारांच्या डोळ्यांदेखत झाली असून खोडलेल्या जागी तिची लहान सही आहे. संपूर्ण मजकूर तिला वाचून दाखवण्याची तयारी होती, परंतु तिने ऐकण्यास नकार दिला, कारण त्या वेळी ती दुसरे काही ऐकत होती.

स्थळ: कासार आळी, भिवंडी, बाहेरची खोली.
दिनांक: २० नोव्हेंबर १९९७.

मृत्युपत्र करणारी: श्रीमती विद्युल्लता दत्तोपंत चौबळ (सही)

साक्षीदार:
१. हाशिम यूनुस मुल्ला (सही)
२. चिंतामणी रामचंद्र ओक (सही)

लेखनिक: कलम ९ व कलम १ च्या अखेरपर्यंत सौ. सुमती बाळाराम चौबळ. त्यापुढील मजकूर चिंतामणी रामचंद्र ओक, कारण त्या वेळी मूळ लेखनिकेचे दोन्ही हात पेटीवर होते.